कॉकपिटात मोहरी

उन्नती तायडे विमान चालवायला शिकू लागली आणि थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाई नगरच्या त्या ब्लॉकमध्ये बातमी पसरली, की तायड्यांच्या घरात भांडणं लागली आहेत.

भांडण कुणाचंच कुणाशी नव्हतं. सुखदेव तायडे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. बायको कौसल्या सरकारी शाळेत गणित शिकवायची. उन्नती त्यांची एकुलती एक, शिष्यवृत्ती मिळवून दिल्लीबाहेर हरियाणाच्या बाजूला एका छोट्या फ्लाइंग क्लबात शिकत होती. तिथली विमानं दोन सीटची, आणि इंजिन अगदी मांडीवर घेतल्यासारखं समोर. कानांवर लावायचा हेडसेट तिला एका सीनिअर मुलीने जाताना दिलेला. त्याच्या गाद्यांमधला फोम शिळ्या पावासारखा कडक झाला होता. त्या गोंगाटात सकाळ काढून ती घरी यायची ती कान वाजतच, आणि आपण किती मोठ्यांदा बोलतोय याचा तिला पत्ताच नसायचा.

"आई, मीठ दे!" असं ती जेवताना म्हणाली की बाल्कनीतली कबुतरं उडायची.

खालच्या मजल्यावरच्या हेमांगीताई एक दिवस वाटीत मुरांबा घेऊन वर आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "कौसल्याताई, मुली मोठ्या झाल्या की वाद होतातच हो. पण तायडेसाहेबांना सांगा, तिचं कुठे जमलं असेल तर हो म्हणून टाका. जातबीत बघू नका. आजकाल बिल्कुल कुणी बघत नाही."

"अहो, ती मीठ मागत होती," कौसल्या म्हणाली.

हेमांगीताईंनी तिचा हात समजूतदारपणे दाबला आणि त्या निघून गेल्या.

एवढं झाल्यावर सुखदेवने ठरवलं, की आता आपण लक्ष घालायचं. हे वाक्य घरात ऐकू आलं की कौसल्या हातातली वस्तू आधी कपाटात ठेवायची. सुखदेवला वस्तू दुरुस्त करायचा नाद होता. चांगली चालणारी वस्तूही 'अजून चांगली' करायचा तर विशेष नाद. त्याने मागच्या उन्हाळ्यात कूलर सुधारला, तेव्हापासून फ्रिज उघडला की दारावरची बेल वाजायची. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

"बाबा, प्लीज," उन्नती म्हणाली. "कॅप्टन अहलावत सर खूप स्ट्रिक्ट आहेत यार."

"अगं, मी काही विमान उघडत नाहीये. हेडसेट तर आहे. आवाज आत येतो म्हणजे कुठून तरी वाट आहे. वाट बंद केली की झालं. कुठल्याही फाइलचं असंच असतं."

त्याने रविवारची सकाळ धरली. उन्नतीची जुनी योगा मॅट कापून हेडसेटच्या दोन्ही वाट्यांत आतून बसवली. त्यावर गच्चीच्या गळतीला लावायची काळी डांबरी पट्टी चिकटवली. मग चाचणी. विमानाच्या इंजिनाला जवळचा आवाज घरात एकच होता, मिक्सरचा. त्याने मिक्सरमध्ये सुकं खोबरं घातलं, बटण शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं, हेडसेट चढवला आणि समोर स्टूल घेऊन डोळे मिटून बसला.

शांतता. हिमालयात असेल अशी शांतता.

खोबऱ्याचं तेल सुटलं, मिक्सरमधून जळका वास येऊ लागला, तेव्हा कौसल्या आंघोळ अर्धवट टाकून धावत आली. "अहो! अहो, बंद करा!" ती दारातून ओरडली. सुखदेवच्या चेहऱ्यावर बारीक हसू होतं. "अहो, जळेल ना घर! ऐकू येतंय का तुम्हाला काही?" हे तिने इतक्या जोरात विचारलं, की पुढचा सगळा आठवडा हेमांगीताई जिन्यात भेटल्या की तिच्याकडे नुसत्या भरल्या डोळ्यांनी बघायच्या.

"पास!" सुखदेव डोळे उघडत म्हणाला. "शंभर टक्के पास!"

दुसऱ्या दिवशी उन्नती तो हेडसेट घालून विमानात बसली. कॅप्टन अहलावत म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेला ताडमाड माणूस. त्यांच्या मिशांपेक्षा त्यांचा आवाज दाट. शिकाऊ पोरांच्या चुका ते हेडसेटमधून अशा सांगायचे, की पोरं खाली उतरल्यावरही कानाला हात लावून बघायची. त्या दिवशी मात्र आकाशात गेल्यावर कॅप्टन गप्प होते. विमान हवं तिकडे चाललं होतं, कुणी रागवत नव्हतं, इंजिनही लांब कुठेतरी घुमल्यासारखं वाटत होतं. सरांचा मूड आज काय मस्त आहे, असं वाटून उन्नती मनातल्या मनात गाणं म्हणू लागली.

थोड्या वेळाने तिच्या नाकासमोर एक तळहात आला. त्यावर पेनने लिहिलं होतं, 'लेफ्ट'. तिने वळून पाहिलं. कॅप्टनचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता आणि ओठ भराभर हलत होते. ते कधीपासून हलत असावेत, हे त्यांच्या कपाळावरच्या शिरांवरून कळत होतं.

सुखदेवने आवाजाची वाट बंद केली होती ती खरीच बंद केली होती. डांबरी पट्टी हेडसेटमधल्या स्पीकरवरूनही गेली होती.

"घर का कोई एक्सपेरिमेंट मेरे कॉकपिट में नहीं आएगा," खाली उतरल्यावर कॅप्टन म्हणाले. हे मात्र तिला हेडसेटशिवाय, पार हँगरच्या टोकापर्यंत ऐकू आलं.

घरी येऊन ती जेवलीच नाही. सुखदेवने पट्टी काढली, मॅट काढली, गुपचूप सगळं होतं तसं केलं. पण करता करता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती खरी होती. उन्नतीला चष्मा. चष्म्याची काडी जिथून कानावर जाते, तिथे ती कडक गादी उचलली जायची आणि त्या फटीतून सगळा गोंगाट आत शिरायचा.

"म्हणजे गादी अशी हवी, की काडीभोवती स्वतःच बसेल," तो म्हणाला. "कापूस दबतो. फोम उचलला जातो..."

कौसल्या वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही. "मोहरी."

"काय?"

"लहान बाळाला मोहरीची उशी करतात ना, डोकं गोल राहावं म्हणून. डोकं ठेवलं की मोहरी बाजूला सरकते आणि बरोब्बर आकार धरते. उन्नतीला माझ्या आईने अकोल्याहून पाठवली होती. बाळाच्या टाळूला चालते, ती हिच्या चष्म्याला नाही चालणार?"

"मोहरी म्हणजे?" उन्नतीने आतून विचारलं.

"राई गं. फोडणीत घालतात ती."

"ओह, राई. तसं बोल ना."

कौसल्याने जुन्या मऊ ओढणीतून दोन छोट्या चुंबळी शिवल्या. चुंबळ म्हणजे काय, हेही उन्नतीला समजवावं लागलं. बायका डोक्यावर हंडा ठेवायच्या आधी फडक्याची गोल कडी ठेवतात ती, असं सांगितल्यावर तिने "कूल" म्हटलं. चुंबळीत कौसल्याने मोहरी भरली, मोजून दीड वाटी दोन्हीत मिळून, आणि बारीक, घट्ट टीप घातली. वरून काळ्या कापडाचं कव्हर. हेडसेटच्या वाट्यांवर ते टोपीसारखं चढायचं. कुठे काही उघडायला नको की चिकटवायला नको.

उन्नतीने हेडसेट लावला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. मग ती कितीतरी दिवसांनी साध्या आवाजात म्हणाली, "आई, भूक लागलीय."

क्लबात कॅप्टननी हेडसेट आधी स्वतः हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने दाबून पाहिला, मग स्वतःच्या कानांना लावून बघितला. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अच्छा है. जेल वाला कुशन है?"

इथे उन्नतीने खरं सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाने परवा तळहातावर लिहून तिला वळवलं होतं, त्याला 'सर, यात फोडणीची मोहरी आहे' असं सांगायचा धीर तिला झाला नाही.

"वैसा ही कुछ है, सर," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस सोन्यासारखे गेले. कॅप्टनचा शब्द न् शब्द तिला कळू लागला आणि कळल्यामुळे चुका कमी झाल्या. एका सकाळी कॅप्टन म्हणाले, की असंच चाललं तर याच आठवड्यात तिला एकटीला सोडू. पहिलं एकटीचं उड्डाण! शेजारच्या सीटवर कुणी नसताना विमान वर न्यायचं, गोल फिरवायचं आणि खाली आणायचं. ते झालं की माणूस त्या क्लबात खऱ्या अर्थाने पायलट मोजला जायचा. त्या रात्री जेवताना तायड्यांकडे श्रीखंड होतं, आणि श्रीखंड खाता खाता उन्नती सहज बोलून गेली, "बाकी सगळं बेस्ट आहे. फक्त ती शिवण कानामागे थोडी टोचते."

कौसल्याने ते ऐकलं नाही. सुखदेवने ऐकलं.

रविवारी दुपारी कौसल्या बुद्धविहारात कार्यक्रमाला गेली होती आणि उन्नती मैत्रिणीकडे. घरात सुखदेव, टूलबॉक्स आणि दोन चुंबळी. शिवण टोचते, म्हणजे शिवण नको. त्याने ब्लेडने कौसल्याची टीप अलगद उसवली, कापडाच्या कडा एकमेकींवर आणल्या आणि मोची चपलेला लावतो ते सोल्यूशन बोटाने लावून घट्ट दाबून धरल्या. वरचं काळं कव्हर परत चढवलं. हात फिरवून पाहिला. कुठे टोचत नव्हतं. नवऱ्याने बायकोच्या कामात सुधारणा केली तर ती बोलून दाखवायची नसते, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. त्याने टूलबॉक्स जागेवर ठेवून दिला.

दिल्लीतला मे महिना होता. त्या दिवसांत धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या विमानाचं दार उघडलं की आतून तंदूरची धग यायची. सोल्यूशन सोमवारी मऊ पडलं असावं. मंगळवारी त्याने हात टेकले.

मंगळवारी कॅप्टन शेजारी बसले होते आणि ही शेवटची परीक्षा होती. हे ठीक झालं की उद्या एकटी. विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत येऊन उतरायला लागलं होतं, तेव्हा उन्नतीच्या उजव्या कानाखाली काहीतरी सरकलं.

तिला आधी घाम वाटला. मग मुंगी वाटली. मग पुष्कळ मुंग्या वाटल्या. त्या कानामागून मानेवर आल्या, मानेवरून कॉलरमध्ये शिरल्या आणि पाठीच्या कण्यावरून रांगेने खाली निघाल्या. खाजवावं तर दोन्ही हात कामात. अंग झटकावं तर उतरताना चुळबुळ केलेली कॅप्टनना खपत नसे. तिने दात दाबले, श्वास रोखला आणि अंगाचा एकही स्नायू न हलवता विमान खाली आणलं. चाकं कधी टेकली ते कळलंसुद्धा नाही.

विमान थांबलं, इंजिन बंद झालं. कॅप्टन अहलावतांनी आयुष्यात फार थोड्या वेळा केलेली गोष्ट केली. ते हसले. "शाबाश, बेटा! इसको बोलते हैं लैंडिंग!" आणि त्यांनी तिच्या खांद्यावर जोरात थाप मारली.

त्या थापेने राहिलेलं काम झालं. फाटक्या पोत्यातून सुटावी तशी मोहरी दोन्ही कानांतून सुटली. तिच्या मांडीवर, सीटवर, पायांखाली, पेडलांमध्ये. थोडी टणाटण उडून कॅप्टनच्या मांडीवर गेली. कॅप्टननी एक दाणा चिमटीत धरला, उन्हाकडे धरून पाहिला, मग नखाने फोडून हुंगला.

"ये राई है?"

"सर," उन्नती म्हणाली, "वो जेल… जेल नहीं थी."

ते विमान त्याच क्षणी उड्डाणासाठी बंद करण्यात आलं. क्लबचे इंजिनिअर तंवर हे शांत, सडपातळ गृहस्थ. ते ओरडले नाहीत, पण त्यांचं बोलणं जास्त लागलं. "बेटा, एक दाना पैडल के नीचे फँस जाए, केबल की पुली में चला जाए, और ऊपर जाकर विमान मुड़े ही नहीं, तो?" उन्नतीने मान खाली घातली. तिची एकटीची भरारी गेली. त्या विमानावर ज्यांची पाळी होती त्या पोरांचीही गेली, आणि ती पोरं तिच्याकडे कशी बघत होती, ते सांगायला नको.

सुखदेव ऑफिसात होता तेव्हा फोन वाजला. पलीकडून कॅप्टनचा आवाज ऐकून तो खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"मिस्टर तायडे, कल सुबह आप और मैडम क्लब आइए. लड़की कहती है, किचन आपके घर का है."

शाळेत असताना उन्नतीच्या आईबापांना कधीही बोलावणं आलं नव्हतं. ते आता आलं.

सकाळी तिघं गाडीतून निघाली. कौसल्याच्या मांडीवर रिकाम्या चुंबळी होत्या. उन्नतीच्या शर्टातून, बुटांतून आणि वेणीतून निघालेली मोहरी एका पुडीत होती, आणि मोजायची ती घरची वाटीसुद्धा कौसल्याने पर्समध्ये घातली होती. रिंग रोड संपेपर्यंत ती चुंबळीची कड बोटाने चाचपत होती.

"माझे टाके कुठे गेले?"

सुखदेवने आरशात बघितलं, डावीकडे बघितलं, एका रिक्षाला उगाच हॉर्न दिला.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

"तिला टोचत होतं गं."

"मग मला सांगायचं."

"तू विहारात होतीस."

"म्हणून उसवायचं? आणि हे चिकट काय आहे?"

"सोल्यूशन. एकदम पक्कं असतं. चपलेचा सोल धरून ठेवतं, यार."

"चप्पल डोक्याला बांधत नाहीत," कौसल्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. मागच्या सीटवर उन्नतीचे डोळे भरले होते, तरी या वाक्याला तिला हसू फुटलं. मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "आई, सर मला काढून टाकतील का गं?"

कौसल्याने हात मागे नेऊन तिचा गुडघा थोपटला.

क्लबात कॅप्टन हात मागे बांधून विमानाशेजारी उभे होते. सुखदेवने पंधरा मिनिटांचं भाषण हिंदीत जुळवून आणलं होतं. "सर, प्रकरण असं… मतलब, मामला ऐसा है कि सारी ज़िम्मेदारी मेरी है, लड़की की नहीं…" एवढ्यावर कॅप्टननी हात वर केला. "वो बाद में. पहले दाने."

दाणे काढणं सोपं नव्हतं. तंवरांच्या माणसांनी क्लबचा व्हॅक्यूम क्लीनर लावून बघितला होता, पण तो पुढून मोहरी ओढायचा आणि मागून जोरात सोडायचा, त्यामुळे मोहरी आता जास्त ठिकाणी गेली होती. व्हॅक्यूम क्लीनर बिघडलेला बघून सुखदेवचे हात आपोआप पुढे झाले.

"हात खिशात," कौसल्या म्हणाली.

सुखदेवने हात खिशात घातले.

कौसल्याने विमानात डोकावून पाहिलं आणि कँटीनमधून परातभर कणीक मागवली. घरात काचेचा ग्लास फुटला की ती भिजवलेल्या कणकेच्या गोळ्याने बारीक कपचे टिपून घ्यायची. तिने पदर खोचला, चांगला मऊ गोळा मळला आणि गुडघे टेकून कॉकपिटात डोकं घातलं. तंवरांनी विमानाच्या तळाचे पत्रे उघडून दिले. पलीकडच्या दाराने उन्नती शिरली. सुखदेवला टॉर्च धरायचं काम मिळालं. मायलेकी कोपऱ्याकोपऱ्यात गोळे दाबत चालल्या. गोळा काळा झाला की बाहेर यायचा, बादलीत कालवला जायचा आणि गाळणीत मोहरी उरायची. कँटीनवाला, दोन मेकॅनिक आणि सगळी शिकाऊ पोरं भोवती गोळा झाली. कॅप्टन मात्र जरा लांबच उभे होते.

"सारी निकल गई, ये पता कैसे चलेगा?" तंवरांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

"मी दीड वाटी भरली होती," कौसल्या म्हणाली. "डेढ़ कटोरी. ही, याच कटोरीने. पुडीतली धरून दीड वाटी भरली पाहिजे. एक दाणा कमी नाही चालणार."

सगळं बाहेर आल्यावर मोजणी सुरू झाली. एक वाटी भरली. पोरं सरकून जवळ आली. अर्धी वाटी भरली, आणि सुखदेवने टॉर्च बंद करून समाधानाने मान डोलावली. पण गाळणीत अजून होतं. कौसल्याने ते ओतलं. दुसरी वाटी काठोकाठ भरली. तरीही गाळणीत होतं.

तंवरांनी चष्मा काढून पुसला. "मैडम, कम होता तो समझ में आता. ज़्यादा कैसे हो गया?"

"गर्मी," सुखदेव चटकन म्हणाला. "गर्मी में हर चीज़ फैलती है."

"इतनी?"

कौसल्याने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, वाटी ताटात उपडी केली, वर स्वच्छ पाणी ओतलं आणि बोटांनी पसरलं. कणीक धुऊन गेली. काळ्या दाण्यांमध्ये लांबट, हिरवट, रेघांचे दाणे दिसू लागले. एकदोन नाहीत, चांगले ओंजळभर. मध्येच एक लवंग. कौसल्याने एक दाणा दाताखाली धरला.

"ही बडीशेप आहे," ती म्हणाली.

"सौंफ है," सुखदेवने सगळ्यांसाठी भाषांतर केलं.

"ही माझ्या बाजूला नव्हतीच," उन्नती पटकन म्हणाली. "राइट सीटच्या खाली होती. सगळी राइट सीटच्या खाली."

उजव्या सीटवर त्या विमानात एकच माणूस बसायचा. पोरं जमिनीकडे बघत होती, मेकॅनिक आकाशाकडे. तंवर ताटाकडे बघत होते. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा वळल्या. कॅप्टन अहलावत वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळकांड्याकडे एकटक बघत उभे होते, आणि त्यांचा हात शर्टाच्या वरच्या खिशावर होता. त्या खिशात काहीतरी गोल डबीसारखं होतं.

"खाने के बाद," कॅप्टन कुणाकडेही न बघता म्हणाले, "पेट हलका रहता है."

"जी सर," तंवर म्हणाले.

"फर्श अब साफ़ है?"

"आज पहली बार, सर."

कॅप्टननी घसा खाकरला. हवेचा अंदाज घेतला. मग एकदम नेहमीच्या दाट आवाजात म्हणाले, "हवा अच्छी है. उन्नती! पुराना कुशन लगाओ, कान में रुई डालो. मेरे साथ एक चक्कर. ठीक लगा तो मैं उतर जाऊँगा."

चक्कर ठीक झाली. कॅप्टन उतरले, दार लावलं आणि हाताने जा अशी खूण केली. उन्नतीने जाताना खिडकीतून आईबापांकडे पाहिलं आणि ओठांनी "जय भीम" म्हटलं. ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिन बोंबलत होतं. पंख्याच्या वाऱ्याने सुखदेवचे केस उभे राहिले आणि कौसल्याचा पदर तोंडावर आला. विमान धावलं, उचललं गेलं, लहान झालं, आणि शेताच्या टोकाला असलेल्या निलगिरीच्या रांगेपलीकडे वळलं.

आणि सगळं शांत झालं.

इतके दिवस ज्या शांततेसाठी सुखदेवने गच्चीची पट्टी कापली, मिक्सर जाळला आणि बायकोचे टाके उसवले, ती शांतता आता चारी बाजूंनी आली होती. लांब कुठे बगळा ओरडला. सुखदेवने मान वाकडी केली, कानामागे हात धरला.

"आवाज येतोय का गं?"

"नाही," कौसल्या म्हणाली. तिने त्याचा दंड घट्ट धरला होता.

"यायला पाहिजे. इंजिन आहे ते. का नाही येत?"

शेजारी कॅप्टननी डबी उघडली होती. त्यांनाही काळजी होती बहुतेक, कारण ते बडीशेप नेहमीपेक्षा जोरात चावत होते. कुरकुर, कुरकुर.

"सर," सुखदेव हात जोडून म्हणाला, "ज़रा चबाइए मत."

कॅप्टन थांबले. तोंडातली बडीशेप तशीच धरून तेही कान टवकारून उभे राहिले. तिकडे एक ट्रॅक्टर सुरू झाला, तेव्हा सुखदेवने त्याच्याकडे असं पाहिलं, की ती नजर दिसली असती तर ट्रॅक्टरवाल्याने तो बंद केला असता. झाडांच्या वर नुसतं पांढरं ऊन होतं.

मग निलगिरीच्या मागून बारीक घरघर आली. डास गुणगुणावा एवढी. ती वाढली, दाट झाली, आणि झाडांच्या शेंड्यांवरून ते छोटं विमान वळून थेट त्यांच्याकडे आलं. डोक्यावरून खाली येताना त्याने असा आवाज केला, की हँगरचे पत्रे थरथरले.

"किती ओरडतंय मेलं," कौसल्या पदराने डोळे पुसत म्हणाली.

"ओरडू दे," सुखदेव म्हणाला. "अजून ओरडू दे."